डिपॉझिट अडकलंय? आधी हिशेब मागा

भाड्याचं घर सोडायच्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. टेम्पो खाली उभा असतो, नव्या सोसायटीने सामान चढवायला सहापर्यंतचीच वेळ दिलेली असते, कपाट लिफ्टमध्ये मावत नसतं. तेवढ्यात घरमालकाचा फोन येतो, "चावी वॉचमनकडे द्या, डिपॉझिट आठ-दहा दिवसांत ट्रान्सफर करतो." भाडेकरू "बरं" म्हणतो. डिपॉझिटची बहुतेक भांडणं या "बरं"पासून सुरू होतात.

इथे जे सांगतो आहे ते महाराष्ट्रातल्या राहत्या घरांच्या नेहमीच्या भाडेकराराबद्दल, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सबद्दल. पागडीची घरं, दुकानं, कंपनीने घेतलेले फ्लॅट यांची दुखणी वेगळी. त्यांत शिरत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे डिपॉझिट हे तुमचेच पैसे असतात. घरमालकाकडे ते तारण म्हणून असतात. भाडं थकलं, बिलं राहिली, घराचं नुकसान झालं तर तेवढं त्यातून वळतं करून बाकीचं परत द्यायचं, एवढाच त्यांचा उपयोग. प्रत्यक्षात मात्र बरेच घरमालक ते पैसे कधीच खर्च करून बसलेले असतात. गृहकर्जाचा हप्ता, मुलाची फी, कुठे तरी गुंतवणूक. मग जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून द्यायचं, असं चक्र चालतं. नवा भाडेकरू मिळेपर्यंत तुमचे पैसे येत नाहीत, याचं कारण अनेकदा एवढंच असतं. त्यात लबाडी असेलच असं नाही. हे ध्यानात असलं की कोणत्या घरमालकाशी समजुतीने बोलायचं आणि कोणाला थेट नोटीस धाडायची, याचा अंदाज येतो.

डिपॉझिट किती घ्यावं यावर महाराष्ट्रात राहत्या घरांसाठी कायद्याने मर्यादा घातलेली नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच कमाल मर्यादा आहे, आणि घराचा ताबा परत घेताना देणी वजा करून डिपॉझिट परत करावं असंही म्हटलं आहे. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. तेव्हा "कायद्यात दोनच महिने आहेत" असं सांगत महाराष्ट्रातल्या घरमालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. इथे आधार तुमच्या कराराचा.

म्हणून करार बाहेर काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि भाडेकरूच्या दृष्टीने याहून महत्त्वाचं म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं घरमालकावर येतं. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य एजंट मंडळी अजून बिनदिक्कत फेकतात. नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सवलत आहे, त्यावरून ही समजूत रुजली. महाराष्ट्रात कलम 55 मुळे ती चालत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणी करताना सरकार मुद्रांक शुल्क कसं मोजतं तेही बघण्यासारखं आहे. एकूण भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. पंचवीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर शुल्क सातशे रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे डिपॉझिट कागदोपत्री बिनव्याजी असलं, तरी त्यापासून घरमालकाला वर्षाला दहा टक्के फायदा होतो असं सरकारनेच गृहीत धरलेलं आहे. व्याज मागताना लाज वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

करारात तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. डिपॉझिट केव्हा परत करायचं: ताबा देतानाच, की अमुक दिवसांत? त्यातून काय काय कापता येईल? आणि वेळेत दिलं नाही तर काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेक करारांत सापडतं आणि भाडेकरूंच्या ते गावीही नसतं. डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडं न देता घरात राहण्याची मुभा, किंवा ठरलेल्या दराने व्याज, असं काहीतरी तिथे लिहिलेलं असू शकतं. त्याच पानावर नोटीस पिरियड आणि लॉक-इन असतं. लॉक-इनच्या आत घर सोडलं तर "संपूर्ण डिपॉझिट जप्त" अशी धमकीवजा ओळ कधी कधी असते. ती जशीच्या तशी लागू होईलच असं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा असते. पंधरा दिवसांत नवा भाडेकरू आला असेल तर घरमालकाला संपूर्ण डिपॉझिट कशाबद्दल हवं, हा प्रश्न रास्त आहे.

आता घर सोडण्याचा टप्पा. यावर मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण खरी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

घर सोडत असल्याची नोटीस लेखी द्या आणि त्याच पत्रात डिपॉझिटचा विषय काढा: "अमुक तारखेला ताबा देईन, त्याच वेळी डिपॉझिट परत मिळावं. आधी एकदा घर पाहून काही कापायचं असल्यास कळवावं." महिनाभर आधी विचारलं तर पैसे खर्च करून बसलेल्या घरमालकालाही जमवाजमव करायला वेळ मिळतो. पैसे नाहीतच असं त्याने प्रांजळपणे सांगितलं, तर सगळ्यात सोपा तोडगा शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करण्याचा. मात्र त्याला घरमालकाची लेखी संमती हवी. परस्पर भाडं थांबवलं तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो आणि पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात तोच मुद्दा तुमच्या तोंडावर फेकला जातो.

घर रिकामं झाल्यावर, सामान निघाल्यानंतर आणि चावी देण्याआधी, मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छताचे कोपरे, किचनचा ओटा आणि त्याखालची कपाटं, बाथरूमचे नळ सोडून, गीझर चालू करून, पंख्यांची बटणं दाबून. विजेच्या मीटरचा फोटो असा घ्या की मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही दिसतील. पाइप गॅस असेल तर त्याचाही. मग एका साध्या कागदावर ताबापावती लिहा: तारीख, वेळ, किती चाव्या दिल्या, मीटर रीडिंग, काय मोडलेलं आहे, डिपॉझिटची रक्कम, त्यातून काय वजा होणार आणि उरलेले किती, कधी, कोणत्या खात्यात येणार. दोघांच्या सह्या. घरमालक स्वतः न येता मेव्हण्याला किंवा एजंटला पाठवत असेल, तर "यांच्याकडे चावी द्या" एवढा मेसेज तरी त्याच्या नंबरवरून मागून घ्या.

चावी हातात असेपर्यंत तुमच्या शब्दाला वजन असतं. म्हणून पैसे आणि चावी एकाच बैठकीत. समोर बसून ट्रान्सफर करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. "बँकेची लिमिट आहे" असं उत्तर आलं तर आज निम्मे, उद्या निम्मे, आणि चावी उद्या. मात्र हे ताणायचं किती, यालाही हद्द आहे. करारात तशी मुभा नसताना मुदत संपल्यावर घर अडवून धरलं, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली घरमालक मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. करार चाळल्याशिवाय हा पवित्रा घेऊ नका.

काही घरमालक पुढच्या तारखेचा चेक देऊ करतात. तो घ्यायला हरकत नाही, किंबहुना नुसत्या तोंडी आश्वासनापेक्षा शंभर पटीने बरा. सोबत "डिपॉझिटच्या परतफेडीपोटी" एवढं लिहिलेलं सहीचं पत्र घ्या. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरायचा. तो परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतर महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता येते. यातली एकही तारीख चुकवू नका. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड अशी असल्याने या नोटिशीने हालचाल होते.

समजा, हे काहीच झालं नाही. चावी गेली, महिना उलटला, फोन उचलला जात नाही, आणि व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसतात पण उत्तर नाही. इथे लोक "सर, प्लीज पैसे द्या ना" असे मेसेज टाकत राहतात. माझं सांगणं, पैशांबरोबर हिशेबही मागा. पैशांच्या मागणीवर "बघतो" म्हणता येतं. हिशेबाच्या मागणीवर एक तर आकडे द्यावे लागतात, नाही तर गप्प राहावं लागतं, आणि पुढे दोन्ही तुमच्या कामाला येतं. पत्र असं असावं:

"अमुक दिनांकाच्या नोंदणीकृत कराराप्रमाणे मी आपल्याकडे रु. 1,00,000 डिपॉझिट ठेवलं होतं. अमुक दिनांकाला मी घराचा ताबा व चाव्या आपल्याला दिल्या. कोणतंही भाडं थकलेलं नाही. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. आपण काही रक्कम कापू इच्छित असल्यास प्रत्येक बाबीचा तपशील बिलासह सात दिवसांत द्यावा आणि उरलेली, वादात नसलेली रक्कम खालील खात्यात जमा करावी. या पत्राच्या तारखेपासून प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंत मी वार्षिक अमुक टक्के दराने व्याजाची मागणी करत आहे."

व्याजाचं वाक्य गाळू नका. करारात व्याज ठरलेलं नसेल तर 1978 च्या व्याज कायद्याखाली न्यायालय ते देऊ शकतं, पण त्यासाठी लेखी नोटीस देऊन व्याज मागितलेलं असणं उपयोगी पडतं. पत्र करारात लिहिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा (जुनं रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं), त्याचीच प्रत ई-मेलने आणि व्हॉट्सॲपवर. पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद करारासोबत ठेवा. फोनमधलं संभाषण डिलीट करू नका आणि फोन बदलताना जुना विकून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

बहुतेक वेळा या पत्राला उत्तर येतं. ते असं असतं, समजा: पेंटिंग 25,000, डीप क्लीनिंग 6,000, गीझर 8,500, लाइट बिल 1,840, इतर 5,000. एकूण 46,340 वजा, आणि 53,660 तुमच्या खात्यात.

आता एकेक बाब घ्या. लाइट बिल तुमचंच, फक्त बिलाची तारीख तुमच्या मीटरच्या फोटोशी पडताळा. तुम्ही गेल्यानंतरचे युनिट तुमचे नाहीत. "इतर" म्हणजे शून्य. नाव नसलेल्या खर्चाला पैसे नाहीत. गीझर आठ वर्षं जुना असेल आणि पाण्याच्या क्षाराने कॉइल गेली असेल, तर ती वापराने झालेली झीज आहे. नवा गीझर भाडेकरूच्या पैशाने बसवून घेणं ही झीज भरपाईत खपवण्याची जुनीच युक्ती. मालमत्ता हस्तांतरण कायदा भाडेपट्ट्याबाबत वाजवी झीज वगळूनच घर पूर्ववत परत द्यायला सांगतो, आणि बहुतेक लायसन्स करारांतही तशी ओळ असते. क्लीनिंगसाठी बिल मागा. ओट्यावरचे स्टिकर खरवडायला आणि चिमणी साफ करायला खरोखर 2,500 लागले असतील तर मान्य करा. पेंटिंगचं मात्र कराराकडे बघूनच ठरतं. "जाताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगपोटी" असं कलम तुम्ही सही करून मान्य केलं असेल तर आता कुरकुर करून उपयोग नाही. नसेल, तर दोन-तीन वर्षांत रंग उडणं ही झीजच. मुलाने क्रेयॉनने रंगवलेल्या भिंतीचे पैसे वेगळे.

पेंटिंगचं कलम नाही असं धरलं तर तुम्हाला 1,840 आणि 2,500, म्हणजे 4,340 मान्य. येणं 95,660, आले 53,660, बाकी 42,000. हाच आकडा आता प्रत्येक पत्रात जसाच्या तसा येऊ द्या. संतापून पुन्हा पूर्ण लाखाची मागणी केली तर तुमच्याच हिशेबावरचा विश्वास उडतो. आलेली रक्कम ठेवून घ्या, पण "उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून स्वीकारली" असं कळवा. पूर्ण हिशेब मिटल्याच्या कागदावर सही मागितली तर करू नका.

यानंतर वकिलाची नोटीस. ती कायद्याने सक्तीची नाही, आणि तिच्यात तुमच्या पत्रापेक्षा फारसं वेगळं काही नसतं. पण लेटरहेडचा परिणाम होतो हे खरंच आहे. घरमालक परदेशी असेल आणि त्याच्या वतीने वडिलांनी किंवा भावाने मुखत्यारपत्रावर करार केला असेल (पुण्यात हे सर्रास असतं), तर नोटीस दोघांच्याही नावे जाऊ द्या. पैसे कोणाच्या खात्यात गेले होते त्याचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा.

पोलिसांत जावं का? बहुधा "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर मिळेल, आणि ते बरोबर असतं. पैसे परत न करणं म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. मात्र एकच फ्लॅट दाखवून अनेकांकडून डिपॉझिट उकळलं असेल किंवा करार करणारा मालकच नसेल, तर पहिल्यापासूनच लबाडीचा हेतू होता असं म्हणता येतं आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागू होऊ शकतं. मुंबईतल्या "हेवी डिपॉझिट"च्या व्यवहारांत हा धोका मोठा. भाडं नाममात्र आणि डिपॉझिट दहा-पंधरा लाख. मालकाने गृहकर्जाचे हप्ते थकवले की बँक सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेते आणि भाडेकरू लाखो रुपयांसाठी मालकाच्या मागे फिरतो. स्वस्त पडतं म्हणून हा सौदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यायालयाच्या आधी एक पायरी आहे, आणि ती लोक उगाच वगळतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. कोर्ट फी लागत नाही. प्राधिकरण समोरच्याला बोलावतं आणि लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न होतो. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर त्याला ओढून आणता येत नाही, ही यातली मर्यादा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो.

शेवटी दावा. लेखी करारातल्या ठरीव रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली समरी दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. नुकसानीचा खरा वाद दिसला तर ती परवानगी मिळते आणि दावा नेहमीच्या संथ गतीला लागतो. तुमचा व्हिडिओ आणि ताबापावती त्या वेळी उपयोगी पडतात. दावा नेमका कोणत्या न्यायालयात लावायचा हे शहरावर आणि रकमेवर अवलंबून असतं. ते वकिलावर सोडा. वीस-तीस हजारांसाठी दावा लावणं बहुधा आतबट्ट्याचं ठरतं. तेवढ्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आणि चिकाटी पुरे. दीड-दोन लाख असतील तर दावा लावाच. हुकूमनामा हाती आला की अंमलबजावणीत घरमालकाचं बँक खातं जप्त करून घेता येतं, आणि तुम्ही राहत होतात तो फ्लॅट बहुतेक वेळा त्याच्या नावावर असतोच.

दावा लावायला मुदत तीन वर्षांची आहे, पैसे परत करण्याचा दिवस उलटल्यापासून. फोनवरच्या गप्पा, "दिवाळीनंतर देतो", "फ्लॅट विकला की देतो" यांनी ती वाढत नाही. मुदतीच्या आत घरमालकाने देणं मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. तेव्हा तो दिवाळीचा वायदा करत असेल तर करू द्या, फक्त तो कागदावर, तारखेसह आणि सहीनिशी घ्या.